पुराच्या बोटीत फोम कोणता भरावा? (नवशिक्या गावकऱ्यांसाठी)

तुमचं गाव कृष्णा-वारणेच्या काठावर असेल, तर ग्रामपंचायतीच्या मागं एक फायबरची बोट पालथी पडलेली असण्याची दाट शक्यता आहे. तिच्याखाली कोंबड्या अंडी घालतात आणि वर पोरं पत्ते कुटतात. मे महिना सरत आला की सरपंचांना एकाएकी कोयना धरणाचे १०५ टीएमसी आठवतात आणि बोट दुरुस्त करायचं काम गावातल्या सर्वांत रिकाम्या शिकलेल्या माणसाकडे येतं. हा लेख त्या माणसासाठी आहे.

आधी बोट उचलून बघा. पूर्वी सहाजण उचलायचे, आता दहाजणांनाही हलत नसेल तर कुणीतरी जाणता म्हणेलच, "बसून बसून जड झालीया." माणूस होतो, बोट होत नाही. बाकाखालचा कप्पा फोडा. खुरप्यानं उकरलं की तपकिरी लगदा बाहेर येईल. तो मुठीत पिळा, गेल्या पुराचं पाणी बोटांतून गळेल. सोबत मुंग्यांचं वारूळ आणि घुशीनं पोखरलेलं बीळ फुकट. पाणी आत आलं ते बाक बसवताना मारलेल्या स्क्रूंच्या भोकांतून. ती भोकं बुजवल्याशिवाय नवा फोम भरणं म्हणजे पुढच्या दुरुस्तीचा विसार देणं.

आता फोम निवडायचा. इथं अख्खा गाव तज्ज्ञ आहे.

गादीवाला स्वस्तात स्पंज देईल. घेऊ नका. त्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे तो पाणी पिण्यातच पटाईत. आपल्याला हवी ती बंद छिद्रं, प्रत्येकात कोंडलेली हवा. पोहायला शिकताना पाठीला बांधलेला वाळका भोपळा आठवा, त्याचं तत्त्व हेच. तरुण मंडळाची पोरं २०१८ च्या बंदीआधीचं गणपतीचं थर्मोकोलचं मखर आणून देतील. थर्मोकोल तरंगतो यात वाद नाही, पण त्यावर फायबरचं रेझिन ओतलंत की डोळ्यांदेखत विरघळतो. पेट्रोलनंही तेच होतं, आणि इंजिनाची टाकी नेमकी त्याच बाकाशेजारी असते.

मग राहिला पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम. बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजच्या भिंतींत असतो तोच. दोन डब्यांतली रसायनं समप्रमाणात ढवळून कप्प्यात ओतायची, ती फुगून वीस-पंचवीस पट होतात. नवशिक्याला हा प्रकार फार आवडतो आणि तो सगळं मिश्रण एकदम ओततो. फुगायला जागा न मिळाल्यानं बाक वर उचलला जातो, शिवाय आतल्या उष्णतेनं मधला गाभा करपतो. थोडं थोडं ओता, हातमोजे घाला, वाऱ्याला उभे राहा. पफही कायम पाण्यात बसला तर काही वर्षांनी पाणी धरतो. म्हणून वर साताऱ्याकडे, तापोळा-बामणोलीला कोयनेच्या शिवसागर जलाशयात बारा महिने पाण्यात असणाऱ्या बोटीसाठी मी पॉलिथिन फोमचे काढता येणारे ठोकळे सुचवीन. उन्हाळ्यात काढा, वाळवा, परत बसवा. तेच पाणी कराडच्या प्रीतिसंगमावरून सांगलीला येतं, पण इथली बोट अकरा महिने उन्हात आणि घुशींच्या ताब्यात असते. इथं पफ चालेल, पण वरून फायबरचं झाकण पक्कं हवं.

दुकानदाराच्या शपथेवर जाऊ नका. वीतभर तुकडा कापा, वजन करा, हौदात दगडाखाली आठवडाभर दाबून ठेवा, वरचं पाणी पुसून पुन्हा वजन करा. विट्याकडचे सोनं गाळणारे गलाईवाले पाहुणे असतील तर सोन्याचा काटा मागून घ्या. वजन वाढलं तर तो फोम गादीवाल्याला परत.

किती भरायचा? एक लिटर जागेनं एक किलो तोलायचा, इतकंच गणित. दोनशे किलोची फायबर बोट पूर्ण बुडाली की पाण्यात सत्तरएक किलो भरते. इंजिनाचे पन्नास धरा. पाण्यात राहून काठाला धरून लटकलेल्या दहाजणांचे प्रत्येकी दहा. झाले दोनशे वीस. फोमचं स्वतःचं वजन धरून अडीचशे लिटर भरा. म्हणजे एका निळ्या बॅरलहून थोडा जास्त.

आणि हा फोम कुठं भरायचा, यातच खरी मेख आहे. सगळ्यांना तळात भरायचा असतो, कारण तळात जागा असते. तळात फोम भरलेली बोट पाण्यानं भरली की उलटी होते. फोम वर येऊ पाहतो आणि माणसं खाली जातात. फोम दोन्ही कडांना, काठाच्या जवळ, जमेल तितका वर बसवा. मग भरलेली बोटही सरळ राहते.

हे सगळं नीट केलंत तरी एक गोष्ट फोम करत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढताना बोट उलटली. बायका-मुलं गेली. बोटीत झेपतील त्याहून जास्त माणसं होती. कृष्णा तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलाची ४५ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडून गेली होती, आणि घरात पाणी शिरलेल्या माणसाला "पुढच्या फेरीला ये" सांगणं सोपं नसतं. फोमचं काम बोटीत पाणी भरल्यावर सुरू होतं. बोट किती माणसांनी कलंडेल, हे त्याला विचारून कुणी चढत नाही.

म्हणून रंगाचा डबा उघडलाच आहे तर दोन्ही बाजूंना ठळक आकडा घाला. किती माणसं, तेवढंच. सरपंचांचं नाव त्याहून लहान अक्षरात. मग जून लागायच्या आत बोट गावच्या तळ्यात कमरेइतक्या पाण्यात न्या, मुद्दाम पाण्यानं भरा, आकड्याइतकी पोरं लाइफ जॅकेट घालून काठाला लटकवा आणि बघा. सरळ तरंगली तर कोंबड्यांसाठी दुसरी जागा शोधा.