पळा, चोवीस तास आहेत

2024 उजाडलं तेच पेट्रोल पंपावरच्या रांगेत. टँकर बंद, पंप कोरडे आणि ट्रकवाल्यांच्या नावाने शिमगा. भांडणाचं मूळ होतं नव्या भारतीय न्याय संहितेतल्या कलम 106 चं दुसरं पोटकलम. बेदरकार गाडी हाणून माणूस मारलात आणि पोलिसांना न कळवता पळालात, तर दहा वर्षांपर्यंत कैद. जुन्या 304 अ खाली थांबा नाहीतर पळा, कमाल शिक्षा दोनच वर्षं.

ट्रकवाल्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. थांबलं की जमाव तुडवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 सुद्धा जखमीला तसंच टाकून जाण्यासाठी जमावाच्या रोषाचं कारण मान्य करतं. पण नवं पोटकलम तरी कुठे म्हणत होतं, की तिथेच उभे राहून मार खा? लवकरात लवकर पोलिसांना कळवा, इतकंच मागणं होतं. ते ड्रायव्हरांना समजावून सांगण्याऐवजी सरकारने 2 जानेवारीलाच चर्चेचं आश्वासन दिलं आणि फेब्रुवारीत अधिसूचना काढली. संहिता 1 जुलैपासून लागू, हे पोटकलम तेवढं वगळून!

चक्का जाम केला ट्रकवाल्यांनी, फावलं बीएमडब्ल्यूवाल्यांचं. संहिता लागू होऊन आठवडाही झाला नव्हता. 7 जुलैच्या पहाटे वरळीत, ससून डॉकवरून मासळी घेऊन स्कूटरवर परतणाऱ्या नवरा-बायकोला एका बीएमडब्ल्यूने उडवलं. बाई फरफटत गेली आणि जिवानिशी गेली. आरोपी सत्ताधारी पक्षाच्या पालघरच्या नेत्याचा मुलगा. तो सापडला तिसऱ्या दिवशी. पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं, खटल्याचं व्हायचं ते होईल. पण तिसऱ्या दिवशी रक्त काढून त्यात काय शोधणार, साखर?

जरा हिशेब मांडू. गाडी चालवणाऱ्याच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की गुन्हा. शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅम निकालात काढतं. म्हणजे मर्यादेच्या चौपट ढोसलेला गडीही सहा तासांत मर्यादेत येतो. आणि तेच कलम 134 म्हणतं, अपघाताची खबर शक्य तितक्या लवकर द्या, उशिरात उशिरा 24 तासांत. म्हणजे झोप काढा, अंघोळ करा, नाश्ता उरका, वकिलाला भेटा आणि इस्त्रीचा शर्ट घालून ठाण्यात या. कायद्याच्या आधी यकृत आपलं काम करून मोकळं झालेलं असतं, तेही फुकटात. तेवढंही जमलं नाही, तर पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड. हा आकडा 2019 च्या दुरुस्तीनंतरचा; त्याआधी 500 रुपयांत भागत होतं.

खरी सूट पुढेच आहे. गाडीचा पत्ता लागला, तर चूक कोणाची हे न बघता मृताच्या घरच्यांना मालकाने किंवा विमा कंपनीने 5 लाख द्यायचे. गाडी सापडलीच नाही, तर 2 लाख. एप्रिल 2022 पर्यंत तर 25 हजारांवर बोळवण व्हायची. पळालेल्याला त्यातला एक रुपयाही पडत नाही. ते 2 लाख निघतात विमा कंपन्यांच्या वर्गणीच्या निधीतून, आणि कंपन्यांकडे पैसा येतो तो मुकाट्याने हप्ता भरणाऱ्या तुमच्याआमच्याकडून.