हिरवा ठिपका दिसला, झालं!

पाटणच्या एसटी स्टँडवर खाऊचा पुडा घेणारं गिऱ्हाईक जरा निरखून बघा. आधी किंमत बघतं, मग तारीख आणि श्रावण असला तर हिरवा ठिपका. ठिपका दिसला की पुडा फुटला. केकमध्ये अंडं आहे का, याच्या चौकशीत आपण सीआयडीवाल्यांना पाणी पाजू. पण ती सगळी काळजी वार मोडू नये म्हणून. घसा आवळून जीव जाऊ नये म्हणून पुडा उलटा करणारा माणूस तालुक्यात हुडकावा लागेल. अंगावर गांधी उठल्याच, तर पित्त उठलं म्हणायचं, आमसुलाचं पाणी चोळायचं आणि उरलेला पुडा संपवायचा.

नियम मात्र आहे, आणि बरा आहे. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2020 च्या लेबल-नियमांत ॲलर्जीवाल्या पदार्थांची यादीच दिली: ग्लुटेनवाली धान्यं, म्हणजे गहू, सातू वगैरे, कोळंबी-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि काजू-बदाम मंडळी, सोयाबीन, शिवाय किलोमागं दहा मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट. यातलं काही मालात असलं, तर ते वेगळं लिहून सांगायचं.

मोठ्या कंपन्या लिहितात. नाही असं नाही. पण कुठं? जिथं पुडा चिकटवलेला असतो त्या शिवणीशेजारी, चंदेरी कागदावर करड्या शाईत. भाषा इंग्रजी किंवा हिंदी; नियमाला तेवढं पुरतं. मराठी हवी तर जादा छापा, कुणी अडवलेलं नाही, आणि कुणी छापतही नाही. पोराटोराच्या वाढदिवसाला हातभर अक्षरांचे फ्लेक्स लावणाऱ्या मुलखात शेंगदाण्याच्या वाट्याला मुंगीएवढी जागा.

त्याखाली कायमचं ठेवणीतलं वाक्य: यात शेंगदाणे, दूध, सोया, गहू असू शकतात. एकाच यंत्रावरून चार माल फिरतात, यातला कण त्यात जातो. म्हणून हे वाक्य लिहायची मुभा आहे. मुभा एकदा मिळाली की यंत्र धुण्यापेक्षा वाक्य छापणं स्वस्त. ज्याला खरोखरच शेंगदाणा चालत नाही त्यानं काय करावं? एकतर दुकानातलं सगळंच सोडावं, नाहीतर ते वाक्य सोडावं. लोक वाक्य सोडतात. कंपनीचा वकील निवांत झोपतो.

हे झालं कंपन्यांचं. आता आपल्या शेजारच्या मालाकडं वळू. परवा हातात आलेलं फरसाणचं पाकीट सांगतो. प्लास्टिकची पिशवी, मेणबत्तीवर चिकटवलेली, वर स्टिकर. स्टिकरवर देवाचा फोटो, चौदा आकडी नोंदणी क्रमांक, दोन मोबाइल नंबर, आणि घटक: बेसन, खाद्यतेल, मीठ, मसाले, इत्यादी. पिशवीतून शेंगदाणे डोळे वटारून बघतायत, पण स्टिकरवर त्यांची हजेरी ‘इत्यादी’त. बरं, ते दिसले तरी. मसाल्यातला कूट कुणाला दिसणार? सातारा-सांगलीकडं कूट कशात नसतो ते सांगणं सोपं. आमटीत असतो, वांग्यात असतो, उपवासाला तर त्याच्याशिवाय पानच हलत नाही. त्यामुळं शेंगदाणा जाहीर करायची वस्तू आहे, हेच आपल्याला पटत नाही. मीठ घातलंय, असं पाहुण्याला बजावून सांगतो का आपण?

संक्रांतीच्या वडीचाच पंचनामा करा. शेंगदाण्याचा कूट: यादीत आहे. तीळ: आपल्या यादीत नाही. युरोपच्या यादीत आहे, अमेरिकेनं 1 जानेवारी 2023 पासून घेतला. तिळगूळ वाटणाऱ्या देशाला अजून तो निरुपद्रवी वाटतो. मग गूळ. पिवळाधमक गूळ बाजारात भाव खातो, म्हणून गुऱ्हाळावर काहिलीत हायड्रोस पावडर पडते. ती गंधकाच्या घराण्यातली. तिच्यामुळं गुळात सल्फाइट उरतं, आणि दमेकऱ्याचा दमा त्यानं उसळू शकतो. तासगावकडच्या सोनेरी बेदाण्याचीही तीच गत, गंधकाची धुरी घेतल्याशिवाय तो रंग येत नाही. पाकीटबंद माल असला आणि सल्फाइट दहाच्या वर गेलं, तर लिहिणं भाग आहे. पण गुळाची ढेप फोडून आणि बेदाणा तराजूवर जोखून मिळतो. कागदाच्या पुडीवर लेबल कुठलं? फार तर गेल्या महिन्यातल्या पेपरातलं राशिभविष्य.

परदेशात काय होतं बघा. सप्टेंबर 2024 मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेनं शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांना सांगितलं की मोहरी असलेलं काहीच खाऊ नका. मोहरीच्या मालात शेंगदाणा सापडला होता, आणि माग काढत गेल्यावर ती मोहरी निघाली भारतातली. तिकडं सॉसपासून सँडविचपर्यंतचा माल दुकानातून परत मागवला. आपल्याकडं मोहरीत शेंगदाणा निघाला असता, तर गिऱ्हाईक म्हणालं असतं, शेठनं वर दाणे फुकट दिले.

कायद्यात दात नाहीत असंही नाही. चुकीच्या किंवा अर्धवट लेबलाला तीन लाखांपर्यंत दंड आहे. असुरक्षित अन्न खाऊन कुणी दगावलं, तर वारसांना किमान पाच लाख भरपाईची तरतूद आहे. मात्र अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक साताऱ्याहून दिवाळीच्या तोंडाला निघतो तो खवा आणि तेल बघायला. स्टिकरवरच्या ‘इत्यादी’चा नमुना कोण घेणार? आणि समजा घरच्यांनी हिंमत करून तक्रार केलीच, तर साहेब पहिला प्रश्न विचारणार: पाकीट आणलंय का? ते तर पोरानं बसच्या खिडकीतून मल्हारपेठेच्या अलीकडंच टाकलेलं असतं.