झिजेचं देणं

सह्याद्रीचं नाव निघालं की मराठी माणसाची छाती आपोआप दोन इंच पुढे येते. अढळ, अचल, अभेद्य अशी विशेषणं आपण त्याला वाहत असतो. पण या गृहस्थाचं पूर्वायुष्य तपासलं तर त्यातलं एकही टिकत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा अढळ सह्याद्री चक्क वाहत होता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, लाव्हा वर आला आणि अंगण सारवावं तसा थरावर थर पसरत गेला. तो काळा कातळ आजही जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

एक थर निवल्यावर दुसरा यायला कधीकधी बराच काळ जाई. तेवढ्यात ऊन-पाऊस खालच्या कातळाची माती करून टाकत. मग नवा लाव्हा येऊन ती माती भाजून काढी. घाटात दोन काळ्या थरांमध्ये लाल पट्टा दिसतो, तो बहुधा हाच. म्हणजे बांधकाम पुरं व्हायच्या आत झीज कामावर रुजू झाली होती! लाव्हा कधीच निवृत्त झाला. झीज अजून नोकरीत आहे.

तिच्या कामात घाई नाही, पण खाडाही नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाणी फटींत शिरतं, उंबराची मुळं त्या फटी रुंदावतात. टणक थर कडा होऊन उभा राहतो, ठिसूळ थर उतार होऊन लवतो. शिवकाळातल्या गडांची तटबंदी माणसांनी रचली खरी, पण निम्मी पावसानं आधीच तासून ठेवली होती. निघोजला कुकडीच्या पात्रात तर भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी गरगर फिरून कातळात रांजण कोरले. ना कंत्राट, ना मुदत. म्हणूनच काम इतकं सुबक झालं असावं.

कोकणाचं श्रेय आपण परशुरामाला देतो. त्यानं बाण मारून समुद्र मागे हटवला म्हणतात. भूवैज्ञानिकांच्या मते मागे हटला तो डोंगर. कडा झिजत झिजत पूर्वेकडे सरकला आणि पायथ्याशी पट्टी उरली. कोण हटलं यावर वाद असेल, पण कोकणी माणसाला जमीन मिळाली हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

बाकीचा माल गेला कुठे? देशावरची काळी माती ही मुख्यतः याच कातळाची झीज. त्यातली काही गोदावरी उचलते. त्र्यंबकेश्वराहून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, पण पठाराचा उतार पूर्वेला. म्हणून ही बाई सुमारे १,४६५ किलोमीटर चालून बंगालचा उपसागर गाठते. वाटेत धरणं तिच्याकडून गाळाची जकात घेतात. उरलेला आमचा डोंगर आंध्रात तिच्या मुखाशी भात पिकवतो, आणि त्या भातावर आम्हाला हक्कही सांगता येत नाही.

थोडक्यात, आपली शेतं, आपले कडे, आपलं कोकण हे सारं झिजेचं देणं आहे. कोट्यवधी वर्षं एकही सुट्टी न घेता तिनं ते दिलं. तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी जेसीबी लावणाऱ्यांना एकच विनंती: झिजवण्याचं काम योग्य हाती आहे, मदतीची गरज नाही.