घरापासूनचं उत्पन्न: उणे दोन लाख

नाशिकरोडच्या ज्या प्रेसमध्ये १९२८ सालापासून नोटा छापल्या जातात, तिथे माझी नोकरी झाली. तेवढ्या भांडवलावर आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत मी अर्थतज्ज्ञ ठरलोय. जुलै लागला की पाऊस आणि रिटर्नवाले बरोबरच दारात येतात.

यंदा पहिला मान शेजारच्या इंजिनियरचा. अंबडच्या कारखान्यात भली मोठी यंत्रं सुरळीत चालवणारा माणूस, पण चेहरा पार पडलेला. “काका, सॉफ्टवेअर गंडलंय. होमलोनचं दोन लाख चाळीस हजार व्याज टाकतोय, वजावट शून्य!”

सॉफ्टवेअर ठणठणीत होतं. २०२३-२४ पासून तुम्ही काही बोलला नाहीत तर नवी कररचना गृहीत धरली जाते, आणि तिच्यात राहत्या घराचं व्याज वजा होत नाही. जुनी हवी असेल तर मुदतीच्या आत तसं सांगायचं. कसं? ‘नव्या रचनेतून बाहेर पडण्याचा पर्याय वापरणार का?’ या प्रश्नाला हो म्हणून. स्थळ नाकारताना मध्यस्थ बोलतो, तशी ही भाषा. पोराने तिथे बाणेदारपणे ‘नाही’ ठोकलं होतं.

‘हो’ केल्यावर आकडा उगवला: उणे दोन लाख.

“वरचे चाळीस हजार खाल्ले!”

खाल्ले नाहीत रे बाबा. राहत्या घरासाठी कलम २४(बी)ची मर्यादाच दोन लाखांची. २०१४च्या अर्थसंकल्पाआधी तर दीडच होती. मला मात्र ते ‘उणे’ फार आवडतं. राहत्या घराचं वार्षिक मूल्य शून्य धरायचं, त्यातून व्याज वजा करायचं आणि जे उरेल ते ‘घरापासूनचं उत्पन्न’ या सदरात ऐटीत मांडायचं! वास्तुशांतीला आलेल्या शंभर पाहुण्यांपैकी एकाचीही इतकं खरं बोलायची हिंमत झाली नव्हती.

त्याने शेअर विकले होते, म्हणून फॉर्म आयटीआर-२. त्यात पुढचा प्रश्न: घराला सहमालक आहे का? असल्यास हिस्सा किती टक्के?

नेमक्या त्याच वेळी सहमालकीणबाई चहा घेऊन आल्या.

“माझे किती टाकलेत?”

“अगं, नुसतं टॅक्सपुरतं… माझा स्लॅब वरचा, म्हणून शंभर माझेच…”

“करारात निम्मं-निम्मं आहे. हप्ताही निम्मा माझ्या पगारातून जातो. काका, तुम्ही सांगा.”

मी चहात बिस्किट बुडवलं. कायदा बाईंच्या बाजूने होता. दोघं मालक, दोघं कर्जदार, दोघं हप्ते भरणारे, तर दोघांना आपापली दोन लाखांची वेगळी मर्यादा. म्हणजे प्रत्येकी एक लाख वीस हजार, आणि बुडालेले चाळीस हजारही पदरात! पोरगा खुलला. मग बाईंचा पगार घालून पाहिला. त्या शाळेत शिक्षिका. २०२५-२६साठी नव्या रचनेत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य, आणि त्यांचा पगार त्याच्या पुष्कळ आत. त्यांना वजावटीची गरजच नव्हती. त्याची मात्र दोन लाखांवरून एक लाख वीस हजारांवर आली होती.

“मग तुझा हिस्सा जरा कमी दाखवूया का?” त्याने हळूच विचारलं.

“मला सूट नकोय,” कप गोळा करत बाई म्हणाल्या, “पण माझं निम्मं घर आहे तिथेच राहू दे.”