देवगिरीचे वानर आणि भिंगारची शिदोरी

देवगिरी ऊर्फ दौलताबादचा किल्ला भिंगारपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. या वाटेने सर्वांत गाजलेली सहल अहमद निजामशाहने काढली. 1490 मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा धुव्वा उडवून त्याने 1494 मध्ये तिथे नवे शहर वसवायला घेतले आणि, इतिहासकार फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे, दरसाल सुगीच्या वेळी फौज धाडून दौलताबादच्या मुलखाची नासधूस करायचा क्रम धरला. 1499 मध्ये किल्ला त्याच्या हाती आला. हल्लीचे भिंगारकर घोडेगाव, नेवासा फाटा, प्रवरासंगम करत त्याच दिशेने जातात. मात्र लूट आता किल्ल्याकडून पाहुण्यांची होते, आणि तिला सुगीची वाट पाहावी लागत नाही.

लुटणारे म्हणजे काळ्या तोंडाचे, धडाहून लांब शेपटीचे वानर. लाल तोंडाच्या माकडाशी त्यांची गल्लत करू नये. माकडाच्या गालात पिशव्या असतात. हाती लागेल ते त्यांत कोंबून ते पसार होते. वानराला ही सोय नाही. त्यामुळे पळवलेले केळे तो तटावर बसून, मालकाच्या डोळ्यांदेखत, सावकाश खातो. यात खिजवण्याचा हेतू नसावा. शरीररचनेचा नाइलाज आहे. त्याचे जठर अनेक कप्प्यांचे, पाला पचवण्यासाठी घडलेले असते. दशमी आणि क्रीमच्या बिस्किटांना त्यातला कोणता कप्पा नेमून दिला आहे, हे त्यालाच ठाऊक.

भिंगारची शिदोरी साधारणतः दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि केळी अशी असते. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत नेणे ही पहिली चूक. पिशवीची चुरचूर किल्ल्यातल्या चांदमिनारच्या आसपास कुठेही ऐकू जाते. काकू पिशवी पदराखाली घेतात, पण पदर फुगलेला दिसला की आत काय असावे एवढा तर्क वानराला करता येतो. वानरांच्या कळपात बहुधा एकच मोठा नर, बाकी माद्या आणि पिल्ले. नवजात पिल्लू काळपट असते आणि कळपातल्या इतर माद्याही त्याला आळीपाळीने कुशीत घेतात. हे मावशीपण पाहून मंडळी विरघळतात, मोबाइल काढतात आणि पिशवी खाली ठेवतात. नर त्याच वेळी येतो. हा पूर्वनियोजित कट असल्याचा पुरावा नाही.

पुढे खंदक आणि ताशीव कडा लागतो. मुंगी किंवा सापही चढू शकणार नाही इतका हा कडा गुळगुळीत आहे, असे शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहून गेला. मुंगीचा विचार झाला, सापाचा झाला, वानराचा तेवढा राहिला. त्यानंतरची अंधारी ही वळणावळणाची भुयारी वाट शत्रूला चकवण्यासाठी खोदली. वटवाघळांच्या वासात चाचपडत ती भिंगारकर पार करतात, आणि धापा टाकत पायऱ्या चढून बारादरीकडे निघावे, तो वाटेत कुणीतरी शेपटी सोडून निवांत बसलेले असते.

या ठिकाणी शिष्टाचाराचा प्रश्न येतो. वानरांत रोखून पाहणे आणि दात दाखवणे, दोन्ही धमकीत मोडतात. सेल्फीसाठी भावजी नेमके हेच एकापाठोपाठ करतात. नराचे वजन पंधरा किलोच्या पुढे जाते आणि सुळे चांगले लांब असतात, म्हणून पिशवीची ओढाओढ करू नये. ती सोडून द्यावी. दगड मारू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वानराला संरक्षण आहे, पिशवीला नाही. शनिवारी मारुतीचे रूप म्हणून हात जोडणारे आणि केळी देणारेही असतात. वनखात्याला हे खाऊ घालणे मान्य नाही. शिवाय त्यामुळे पुढच्या पर्यटकाकडे वानर थेट उधारी वसूल केल्यासारखा येतो.

उतरल्यावर हंगाम असेल तर पायथ्याशी पेरू आणि सीताफळे विकायला असतात. शिदोरी वर गेल्यामुळे खरेदी होतेच. फळे गाडीत बसून, काचा वर करून खावीत.