तात्यांचा मृतसाठा

बारामतीहून इंदापूरकडे निघालात, की काटेवाडी, भवानीनगर, सणसर या पट्ट्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर थांबा. बाकावर एक तात्या बसलेले असतील. प्रत्येक गावच्या तात्यांचं आडनाव वेगळं, पण माल एकच. पांढरा पायजमा, खिशात दोन मोबाइल, त्यातला एक कायम ‘दुरुस्तीला टाकायचाय’, आणि तोंडात एकच भरवसा, “आवंदा बघा तुमी!” काय बघायचं ते दरवर्षी बदलतं. बघणारे आपण तेच.

पावसाळ्यात तात्यांचा दिवस उजनीच्या टक्केवारीनं उजाडतो. दौंडहून किती क्युसेकनं पाणी येतंय हे त्यांना तोंडपाठ असतं. स्वतःची बीपीची गोळी कोणती, हे काकूंना विचारावं लागतं. खरं तर तात्यांची जमीन नीरा डाव्या कालव्यावर, तीही टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. उजनी भरली तरी त्यांच्या सरीत थेंबही पडत नाही. पण धरण भरतंय हे ऐकूनच त्यांचं अर्धं रान भिजतं. आवर्तन सुटलं, पण पाणी वरच्यांनीच ओढलं, अशी कुणी तक्रार केली की म्हणतात, “हेडला आलं म्हंजे टेलला येनारच. पानी काय चढाला जातंय व्हय?”

शिवाय उजनीची मांडणीच तात्यांच्या सोयीची आहे. एकूण साठा 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा, जो टक्केवारीत धरत नाहीत. म्हणजे पेपरात ‘उजनी शून्य टक्क्यांवर’ असं छापून येतं, त्या दिवशीही धरणात निम्म्याहून अधिक पाणी असतं. हा हिशेब कळला त्या दिवसापासून तात्यांना शून्याची भीती उरली नाही. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं आणि पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर उघडं पडलं. लोक चिंतेनं बघायला गेले, तात्या नारळ घेऊन गेले. “देव सोताहून भाईर आलाय भेटायला. ह्याच्याहून चांगला शकून कंचा?” त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उजनी शंभर टक्के भरली. तेव्हापासून तात्यांशी वाद घालण्याची सोयच राहिली नाही.

तात्यांच्या आयुष्यात आजवर जे जे आलं ते ‘फिक्स’ होतं. पहिल्यांदा ईमू. अंडं एवढं मोठं, मग पैसाही तेवढाच मोठा, असं गणित. पुढं कळलं, की ईमूचं गिऱ्हाईक म्हणजे नवीन ईमूवाला. नवीन येईनासे झाले आणि जुन्यांच्या दारात ते उंच पक्षी नुसते मान वर करून बघत राहिले. मग डाळिंब. निमगाव केतकीच्या पाव्हण्यानं डाळिंबावर बंगला बांधला, तेव्हा तात्यांनी बंगल्याची जागा आधी आखली, खड्डे नंतर. तिसऱ्या वर्षी तेल्या आला. फळावरचा तो तेलकट काळा डाग तात्यांनी अंगठ्यानं चोळला, मग सदऱ्याच्या टोकानं पुसला, मग थुंकी लावून पुसला. डाग गेला नाही. फळ तडकलं होतं तिथून आतले दाणे मात्र लालचुटूक दिसत होते. तात्या म्हणाले, “आतून माल चांगलाय.”

थोरला मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. मागच्या वेळी दोन मार्कांनी गेला. तात्यांनी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला, “आता दोनच मार्क ऱ्हायल्यात!”

जानेवारीत बारामतीला कृषी विज्ञान केंद्राच्या आवारात ‘कृषिक’ भरतं. तात्या सगळ्या स्टॉलची पत्रकं घेऊन पिशवीभर भविष्य घरी आणतात. उसातलं एआय बघून आले, तेव्हा दारातूनच ओरडले, “आता उसाला तहान कवा लागली, ती मोबाइलवर कळनार!”

काकू गोठ्यातून म्हणाल्या, “तहान लागल्याली मला बांधावनं कळतीया. पानी कुठनं आनायचं, त्ये इचारा त्याला.”

असा हा आशावाद. तो जातो कधी? दुष्काळात जात नाही, रोगराईत जात नाही. तो जातो ऊसतोडीच्या वाटेकडे बघताना. आडसाली लागण जुलैतली, म्हणजे तोड पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर यायला हवी. फेब्रुवारी लागतो, तुरे आलेल्या उसाचं वजन घटायला लागतं. कारखान्याचा चिटबॉय म्हणतो, “तात्या, उद्या टोळी टाकतो.” हा उद्या तात्यांच्या आवंदाचा थोरला भाऊ. पुढं टोळीची खुशाली, ड्रायव्हरची एंट्री, ट्रॅक्टर रानात रुतला की त्याचा वेगळा मान. तेव्हा तात्या बांधावर बसतात आणि गप्प होतात. मग जे बोलतात ते अगदी बरोबर असतं. “एकरी साठ धरला व्हता, चाळीसच्या वर जानार न्हाई.” चाळीसच भरतो. “पयला हप्ता सोसायटीतच वळता हुनार.” होतो. निराश तात्यांचे अंदाज कधी चुकत नाहीत, आणि म्हणूनच ते गावात कोणालाच नको असतात. टपरीवाला आपणहून विचारतो, “तात्या, आवंदा काय लावायचं?” लोकांना त्यांचा खरा हिशेब नको असतो, खोटा धीर हवा असतो.

त्या दिवसांत घर कसं चालतं, हे तात्यांना माहीत नसतं. काकूंना माहीत असतं. चार गाई, पहाटे साडेचारची धार, दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल. त्यातून किराणा, पोराची सदाशिव पेठेतली खोली, कॉट आणि मेस, तात्यांची बीपीची गोळी आणि टपरीवरची उधारी. ईमूच्या पिंजऱ्याची जाळी आज त्याच गोठ्याला लावलेली आहे. तेवढी एक गुंतवणूक परत आली. काकूंनी आयुष्यात कधी “आवंदा बघा” म्हटलेलं नाही. त्या फक्त एवढंच म्हणतात, “खोडवा तरी नीट धरा. पाचट पेटवू नका.” तात्या फावडं घेऊन जातात. थोड्या दिवसांत खोडव्याला फुटवे दिसतात, आणि तात्या टपरीवर हजर होतात. “काय फुटलाय म्हनून सांगू! आवंदा…”

धरण किती भरलं, त्या टक्केवारीत मृतसाठा धरत नाहीत. तरी मोजणी सुरू होते ती त्याच्यावरच. तात्यांच्या आशावादाखालचा साठा पहाटे साडेचारला गोठ्यात उभा असतो. तेव्हा वाटेत एखादे तात्या भेटले तर त्यांचं कौतुक जरूर करा, त्यांच्यासोबत चहाही घ्या. पण ते म्हणतील त्यात पैसे घालण्याआधी, त्यांच्या घरात दुधाचं बिल कोण आणतं एवढं विचारून घ्या. आणि सल्ला तिला विचारा.