वाचलं, आता मत घ्या

यंदा बरंच वाचलं, त्यामुळे मतं तयार आहेत. 'कोसला' १९६३ची. पांडुरंग सांगवीकर वडिलांच्या पैशावर पुण्यात शिकतो, नापास होतो, गावी परततो. आमचा भाचाही हेच करून परतला. त्याच्यावर कुणी पीएचडी केली नाही. 'मृत्युंजय' मात्र दणदणीत! कर्णावरचा अन्याय वाचून मी अर्जुनाचं नाव टाकलंय. 'ययाति'च्या खांडेकरांना १९७४चं ज्ञानपीठ. मुलाचं तारुण्य मागणारे बाप आमच्या सोसायटीतही आहेत, फक्त ते इंजिनिअरिंगच्या फॉर्मवर सही घेतात. बेडेकरांची 'रणांगण' सर्वांत आवडली. पातळ आहे. नेमाड्यांच्या 'हिंदू'बद्दल संपल्यावर सविस्तर बोलू. तूर्त तिच्यावर राउटर ठेवलाय, बेडरूमपर्यंत रेंज येते.